टेंगूळरावांच्या पाण्याचा जोर

आमचे नळमिस्त्री म्हणजे आपल्या कामात बादशहा! वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येत असली की हे जायचे, पाना फिरवायचे, आणि पाणी असं उसळायचं की घरमालकीण भिजून निघायची. पण बायकोला नुसतं खरचटलं तरी या गड्याच्या काळजाचं पाणी व्हायचं.

बायको शिवणकाम करायची. जिन्यावरून पडून तिचा खुबा मोडला, आणि मिस्त्रींनी तिला पलंगावरून हलूच दिलं नाही. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले, आता चालायला लागा. मिस्त्रींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शिलाई मशीनवर चादर टाकली. तिला विरंगुळा म्हणून पलंगासमोर काचेची टाकी मांडली आणि तीत आफ्रिकेतल्या नदीतले सिक्लिड मासे सोडले, एक जोडी. नराच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ! बायकोनं लगेच नावं ठेवून टाकली, टेंगूळराव आणि टेंगूळबाई.

हे मासे धड पोहत नसत. तळाच्या गोट्यांवर टेकत टेकत, टुणटुण उड्या मारत जायचे. मिस्त्रींना वाटलं, बिचारे टाकीतल्या पंपाच्या जोरानं दमतात. झालं! जन्मभर लोकांच्या पाण्याला जोर आणणाऱ्या माणसानं घरचा पंप पार मंद करून ठेवला.

हळूहळू टेंगूळबाई कपारीतून बाहेर येईनाशी झाली. टेंगूळराव धापा टाकू लागले. इकडे बायकोचं ताटही तसंच परत जायला लागलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. मिस्त्री रडकुंडीला आले. शेवटी रंगीत माशांच्या दुकानदाराला हाताला धरून घरी आणलं.

त्यानं टाकी बघितली आणि कपाळाला हात लावला. "अहो मिस्त्री, जीव घेताय की काय यांचा? हे धबाबा वाहणाऱ्या नदीतले! पाणी अंगावर घेत गोट्यांना धरून राहतात, त्यातच त्यांची मजा. तुम्ही तर डबकं केलंत. यात श्वास तरी पुरेल का त्यांना?"

"मला वाटलं, दमतात."

"विचारलंत त्यांना?" पलंगावरून आवाज आला. बायको उठून बसली होती, डोळे भरलेले. "मला तरी कुठं विचारलंत? अहो, पडून मेले नाही मी, पण तुमच्या या लाडानं मरेन."

मिस्त्रींनी गुपचूप पंप पूर्ण जोरात सोडला. संध्याकाळपर्यंत टेंगूळराव धारेच्या तोंडाशी गोट्यावर ऐटीत बसले होते, आणि टेंगूळबाई त्यांच्या शेजारी.

सकाळी मिस्त्रींनी मशीनवरची चादर काढली, चाकाला तेल घातलं आणि आपली विजार बायकोपुढे धरली. "शिवण उसवलीय बघ."

तिनं शिवणीवरून बोट फिरवलं. "ही ब्लेडनं उसवलेली आहे."

"मग मला दुसरं काय सुचणार?"

ती खुदकन हसली. किती दिवसांनी! काठी घेऊन उभी राहिली. मिस्त्रींनी तिचा दंड घट्ट धरला.

"सोडा."

"अगं, पण..."

"सोडा म्हणते ना."

मिस्त्रींनी हात सोडला. ती मशीनपाशी जाऊन बसेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही.