मोठ्या मडक्यातलं अंडं

यंदा पोपटीसाठी पेणहून रोह्याला निघाले ती मी नाचतच. माझी लेक मोठ्या मडक्यातलं खाणार होती! एसटीत शेजारच्या बाईलासुद्धा सांगून टाकलं. ती बिचारी "बरं झालं हो" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. तिला काय ठाऊक!

पोपटी म्हणजे आमच्याकडची थंडीतली मजा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा आणि मधे मधे अंडी भरायची, मडकं शेतात पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. माझं माहेर रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावात. तिथे पोपटी लावावी ती माझ्या धाकट्या भावानंच. त्यातलं अंडं म्हणजे त्याचा जीव की प्राण. लहानपणी त्यावरून माझ्या झिंज्या उपटायचा मेला.

लेकीला अंड्याची ॲलर्जी आहे हे ती तान्ही असतानाच कळलं होतं. तरी तिच्या पहिल्या पोपटीला भाऊ म्हणाला, "अंडी कवचात हायत गो ताई, शेंगांना कुठं लागतायत? काय नाय होत." आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. आणि आत एक अंडं तडकलं! शेंगांवर ओघळून सुकलेलं ते पाल्यात कुणाला दिसणार? शेंगा खाल्ल्या नाहीत तोच पोरीचे ओठ टम्म सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. भावानं तिला उचललं, मोटरसायकलवर आम्हाला घेऊन पूल ओलांडला आणि दवाखाना गाठला. इंजेक्शन मिळालं म्हणून वाचली. मी तिथेच, डॉक्टरांसमोर, भावाला नाही नाही ते बोलले.

पुढच्या वर्षापासून तिचं छोटं मडकं वेगळं, त्याला चुन्याचा टिळा. पाला वेगळा, जाळ वेगळा, टोपली वेगळी. उघडायचं ते फक्त मामानं. दुसरं कुणी जवळ गेलं की वसकन ओरडायचा, "हात मागं!"

यंदा डॉक्टरांनी तिला हॉस्पिटलात समोर बसवून थोडं थोडं अंडं खायला घालून पाहिलं. मी जीव मुठीत धरून बसलेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "काही झालं नाही. आता घरी देत राहा, खंड पाडू नका." त्यांच्या पाया पडायचीच काय ती बाकी राहिले! तेव्हापासून घरी ती उकडलेलं अंडं खातेय. पण पोपटी ती पोपटीच.

शेतावर पोचते तर काय, छोटं मडकं टिळ्यासकट तयार!

"अरे, फोनवर घसा फोडून सांगितलं ना तुला?"

"असू दे गो. तुझा डॉक्टर त्या पोपटीला नव्हता."

असा पारा चढला माझा! पण तेवढ्यात मोठ्या मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, म्हणजे पोपटी झाली. मडकं रिकामं केलं तशी लेक सगळ्यांच्या पुढे धावली. वाफाळतं अंडं या हातातून त्या हातात नाचवत सोललं आणि अर्धं तोंडात. "मस्त!" ती ओरडली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी तर टाळ्याच पिटल्या.

उरलेलं अर्धं घेऊन ती मामाकडे गेली. तो छोट्या मडक्यापाशी बसला होता.

"मला नको," हात आखडून तो म्हणाला. "तुझं मडकं उघडायचंय."

"ताई, त्या वर्षापासून ह्यांनी पोपटीतलं अंडं खाल्लंच नाय," भावजय मला म्हणाली. "अंड्याचा हात तिच्या शेंगांना लागंल म्हणून."

मी बघतच राहिले. इतकी वर्षं त्याच्यासमोर मिटक्या मारत खात होते, मला कधी दिसलंच नाही.

"मामा," लेक दटावत म्हणाली, "हात पुढं!"

त्यानं हात पुढे केला, अंडं खाल्लं. मग त्याच हातानं छोटं मडकं उघडलं, एक शेंग सोलून तिला दिली. तिनं ती खाल्ली. आम्ही दोघं बहीणभाऊ तिच्या ओठांकडे बघत बसलो.

"काय बघताय?" ती म्हणाली. "अजून दे ना!"