नात्यातली डुकरं नकोत

"मॅडम, सगळं रक्त एकाच उकिरड्यावर काढलंत काय?" सरांनी रिपोर्ट माझ्यासमोर टाकला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी व्हेटर्नरी डॉक्टर, पुण्यातल्या एका लॅबमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होते. आपल्या काळ्या गावठी डुकरांत किती विविधता आहे आणि फार्मवरच्या पांढऱ्या, विलायती यॉर्कशायर डुकरांशी त्यांचं कितपत नातं आहे, हे आम्हाला बघायचं होतं. डीएनएवर ठरावीक खुणा असतात, त्यांना मार्कर म्हणतात. दोन जनावरांच्या जितक्या खुणा जुळतात, तितकं नातं जवळचं. म्हणून नमुने घेताना पहिला नियम, नात्यातली जनावरं नकोत. सख्ख्या बहिणींचंच रक्त तपासलं तर विविधता दिसणार कुठून?

मी मंचर, अवसरी आणि आळे अशी तीन गावं फिरले होते. मार्कर म्हणत होते, सगळी एकाच घरची. परत तपासलं, तरी तेच. उलगडा झाला नाही तर कॉन्ट्रॅक्ट वाढणार नव्हतं. माझा नुसता तिळपापड झाला. त्या डुकरांच्या ढुशा खाऊन गुडघे काळेनिळे झाले होते, ते काय फुकट?

तडक मंचर गाठलं. तिथले किसनभाऊ पिढीजात डुकरं पाळणारे. अवसरी-आळ्याच्या डुकरांशी तुमच्यांचं नातं नाही ना, असं मी त्यांना आधीच विचारलं होतं आणि ते छातीठोकपणे नाही म्हणाले होते. आता चहा पिता पिता कळलं, की अवसरीला त्यांची थोरली लेक दिलेली आणि आळ्याला बहीण. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की लेक सासरी निघाली की तिच्यासोबत एक डुकरीण धाडायची.

"अहो किसनभाऊ, मग नात्यातलीच झाली की ही!"

"न्हाई बाई. दिली ती त्यांची झाली. लेकीचं कूळ बदलतं, मग डुकरिणीचं का न्हाई बदलायचं?"

मी कपाळाला हात लावला. मार्करला पाठवणी कळत नाही, हे परोपरीनं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पटलं काही नाही.

मग मी डुकरांचा विषयच सोडला आणि विचारलं, तुमची सोयरीक कोणाशी होत नाही?

"आणे गावच्या तुकारामाशी," ते लगेच म्हणाले. त्यांच्या आजोबांना तिथं पंगतीत शेवटी बसवलं होतं म्हणे. तेव्हापासून बोलणं बंद.

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. डुकरं धरायला माणूस हवा, म्हणून किसनभाऊंनाच जीपमध्ये घातलं. आण्याला पोचल्यावर ते गाडीतून उतरेनात. पण एक दांडगा नर माझ्या हातून निसटला आणि किसनभाऊ न राहवून धावले. दुसऱ्या बाजूनं तुकारामभाऊ धावले. दोघं एकदमच त्याच्यावर पडले आणि चिखलानं माखून उठले. मग एकाच बादलीत हात धुतले, चहा झाला. मी माझ्या रक्ताच्या नळ्या मोजत बसले.

आण्याची डुकरं खरंच वेगळी निघाली. सर खूश, कॉन्ट्रॅक्ट वाढलं. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच कळपाचे आणखी नमुने मागवले. आमच्याकडे बिननात्याचा कळप तेवढा एकच होता.

आण्याला गेले तर दारात डोक्यावर पदर घेतलेली पोर. "या बाई, वळखलं का? मी किसनभाऊंची धाकली." सासऱ्यांनी, म्हणजे तुकारामभाऊंनी, कौतुकानं मागचं आवार दाखवलं. माहेरून आलेली डुकरीण आडवी पसरली होती आणि अंगाला काळी पिल्लं लुचत होती. "लई गुणाची हाय," ते म्हणाले. "तुमच्यामुळं घडलं बघा सारं." आणि माझ्या हातात पेढा ठेवला.

आळेफाट्याच्या एसटीडी बूथवरून सरांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "आधी अडवायचं ना त्यांना."

"काय सांगून सर? माझा प्रोजेक्ट संपेपर्यंत पोरीचं लग्न थांबवा म्हणून?"

तेव्हापासून फील्डवर मदतीला मी कोणालाही नेत नाही. डुकरं माझी मीच धरते.