हायवेवर मागितलेली केबल

यवतमाळ जिल्ह्यातला एकही बंद पडलेला कॉम्प्युटर माझ्या मोठ्या नणंदेच्या हातून सुटलेला नाही, आणि पुढेही सुटेल असं मला वाटत नाही. बाभुळगावच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, त्यानंतर शेजारणी हरिपाठाकडे वळल्या आणि ताई लिनक्सकडे. ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली फुकट मिळते आणि म्हाताऱ्या मशीनवरही चालते, एवढं त्यांनी कुठेतरी वाचलं. बस्स! तेव्हापासून त्यांच्या पर्समध्ये बीपीच्या गोळ्यांशेजारी लिनक्सचा पेन ड्राइव्ह असतो. लग्नात अक्षता टाकून झाल्या की त्या वरमाईला विचारतात, "जुना लॅपटॉप पडून आहे काय घरी?" पडद्यावर चूक उमटली की ती वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात आणि खाली लाल शाईने रेघ मारतात. मशीनवर मात्र कधी चिडत नाहीत. "लेकरू हुशार आहे, बुजलं आहे," असं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी मलाही ओढून पांढरकवड्याला नेलं. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, शबाना, तिथे मुलींसाठी अभ्यासिका चालवते. कुणीतरी दिलेले चार लॅपटॉप तिच्याकडे धूळ खात होते आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाला येणार होता. मुलींचे भरतीचे फॉर्म भरायचे म्हणजे दरवेळी बाजारातल्या दुकानात रांग लावावी लागायची.

"बाई, तीन जणांनी पाह्यले. काही होत नाही म्हणतात," शबाना म्हणाली.

"ते तिघं माह्या वर्गात होते काय?" ताईंनी विचारलं आणि पदर खोचला.

दुपारपर्यंत चारही मशीनवर लिनक्स बसलं. पडदा, आवाज, कॅमेरा, सगळं ओळखलं गेलं, फक्त वायफाय तेवढं दिसेना. ताईंनी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून आतल्या भागांची यादी काढली. वायफायचं कार्ड आत होतं, पण ते चालवणारी फाइल नव्हती. ती फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेट मिळणार वायफायवरून! तारेने जोडावं तर नेटचा डबा वरच्या मजल्यावर, घरमालकाच्या कुलपात.

मी म्हटलं, "ताई, राहू द्या आता. एसटी चुकेल."

"चुकू दे. फोन केबलनं जोडून त्याचं नेट देते मी याले."

माझी केबल लावली, शबानाची लावली. फोन चार्ज व्हायचा, पण लॅपटॉपला त्याचा पत्ताच नाही. दोन्ही केबली नुसत्या चार्जिंगच्या निघाल्या, डेटा नेणाऱ्या नव्हत्या. ताई उठल्या, चपला घातल्या आणि थेट हायवेवर जाऊन ढाब्यासमोर उभ्या असलेल्या ट्रकांच्या काचा ठोठावू लागल्या. "भैया, डाटावाली केबल है क्या?" हे गणिताच्या तासाच्याच आवाजात. चौथा ड्रायव्हर खाली उतरला. केबल होती, पण एकच होती, म्हणून तोही सोबत आला. हैदराबादकडे निघालेला तो धिप्पाड माणूस मुलींच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसला.

केबल लावली. ताईंनी फोनमध्ये टेदरिंगचं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देण्याचं, बटण सरकवलं. कोपऱ्यात बारीकसं चिन्ह उमटलं. फाइल उतरली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि घरमालकाच्या वायफायचं नाव पडद्यावर आलं.

"आ गया, मांजी!" ड्रायव्हरच आधी ओरडला. उरलेल्या तीन लॅपटॉपनाही तीच फाइल दिली. केबल गुंडाळून खिशात घालताना तो ताईंच्या पाया पडला, का ते मला कळलं नाही, पण ताईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. शबानाने भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा एक मुलगी फॉर्ममध्ये स्वतःचं नाव टाइप करत होती, एकेक अक्षर शोधून.

परतीच्या एसटीत ताईंनी खिडकीशी जागा धरली. मग म्हणाल्या, "माह्या वर्गातल्या किती पोरी दहावीनंतर घरी बसल्या गं. मी नुसती हळहळत राह्यली. तवा हे काही येत नव्हतं मले."

"आता येतं ना," मी म्हटलं.

"हो. पण उशिरा आलं."

बाहेर फुटलेल्या कपाशीची शेतं मागे पळत होती. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवून डोळे मिटले. त्यांना झोप लागली असं मला वाटलं, पण त्यांची बोटं माझ्या मनगटावर हळूहळू काहीतरी टाइप करत होती.