पाडव्यापर्यंत न हलणारी वही

ती केस आठवली की आजही माझं डोकं चक्रावतं. खून नव्हता, दरोडा नव्हता. आरोपी पहिल्या शब्दापासून खरं बोलत होता आणि मला त्यातलं काही उमगत नव्हतं.

इंग्रजी अंमलातले ते दिवस. सोलापुरात मी फौजदार होतो. शहरापासून काही कोसांवर संस्थानी हद्द लागायची. पलीकडे राजा वेगळा, कर वेगळा, आणि आम्हा पोलिसांना वरच्या परवानगीशिवाय तिथं तपासाला जाता येत नसे.

श्रावणात ठाण्यावर एक निनावी पत्र आलं. ज्येष्ठात संस्थानातून सोलापुरात आलेला एक भुसार व्यापारी दोन्ही सरकारांना फसवतो, असा मजकूर होता. इन्कम टॅक्स कचेरीत चौकशी केली. तिथं त्यानं शपथेवर लिहून दिलं होतं, ‘माझा यंदाचा धंदा संस्थानात आहे.’ आणि दुकान तर आमच्या पेठेत रोज उघडत होतं! खोट्या शपथेचा खटला उभा राहिला. सोमवारी मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे सुनावणी होती. शाबीत झालं तर तुरुंग ठरलेला.

पंच घेऊन घराची, दुकानाची झडती घेतली. पोती, तराजू, विक्रीच्या चिठ्ठ्यांचा जुडगा सापडला, हिशेबाची वही मात्र नाही. वही सापडत नाही म्हणजे ती लपवलेली आहे, अशी माझी पक्की समजूत. त्याला कोठडीत घातलं. पन्नाशीचा लिंगायत गृहस्थ, कपाळाला भस्म, चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. त्याचाच मला राग आला.

“अप्पा, वही कुठं आहे?”

“गावाकडं हाय की, देवापाशी.”

“दुकान इथं आणि वही तिथं?”

“दिवाळीच्या पाडव्याला पुजलेली वही हाय, सायेब. वरीस सरल्याबिगर तिची जागा हलवायची न्हाय. हितल्या विक्रीच्या चिठ्ठ्या भाऊ दर आठवड्याला तितं नेऊन वहीत उतरवतो आन् माघारी आणतो. सोताची वही जितं, तितंच धंदा म्हणायचा.”

“मग तुम्ही कसे हललात?”

“आमी मानसं की!”

त्याचं वर्ष दिवाळीला संपणार, संस्थानाचं जूनमध्ये मृग नक्षत्राला, आणि इन्कम टॅक्सवाल्यांचं मार्चअखेर. मधल्या महिन्यांचा कर कुणाचा, हे मी कागदावर तीनदा मांडलं आणि तीन उत्तरं आली. हवालदार शेवटी वैतागून म्हणाला, “सायेब, ह्यो मानूस बोलतोय ते समदं खरं वाटतंय, आन् तरी काईच जुळत न्हाय!”

“वही मागवा,” मी अप्पाला म्हणालो. “इथली विक्री तीत उघड लिहिलेली असेल तर फसवायचा हेतू नव्हता हे दिसेल आणि सुटाल. मला संस्थानात जायची परवानगी मिळेपर्यंत तुम्ही तुरुंगात असाल.”

“असंन,” तो म्हणाला. हट्टी म्हणावा की बेरकी, मला ठरवता येईना.

रविवारी दुपारी त्याची बायको ठाण्यात आली. एकटीनं भाड्याची बैलगाडी करून गावाकडं जाऊन आली होती. डोक्यावर तांबड्या फडक्यात बांधलेली वही. तो गजांमागून ओरडला, “हात कसा लावलास तिला?”

बाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. मला म्हणाली, “सायेब, वही हलवायची न्हाय म्हंत्यात. मग घरचा मानूस हलवून जेलात घालायचा व्हय?”

मी वही उघडली. ज्येष्ठापासूनची सोलापूरची विक्री वेगळ्या पानांवर, स्वच्छ अक्षरात. प्रत्येक चिठ्ठी जुळली. सोमवारी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याला सोडलं. त्या महिन्यांचा कर कोणी घ्यायचा, यावर दोन सरकारांचा पत्रव्यवहार पुढं बरेच दिवस चालला. शेवट काय झाला, मला ठाऊक नाही.

कोर्टाबाहेर बाई वही घेऊन पुढं चालू लागली. तो तिथंच उभा. “अप्पा, सुटलात. बाईंशी दोन शब्द तरी बोला,” मी म्हणालो.

“काय बोलू, सायेब? ती देवाला सांगून आलीया, ‘वही हलवल्याचं पाप त्येंच्या न्हाय, माज्या नावावर ल्ही’ म्हून.” आणि कोठडीत न डगमगलेला तो माणूस भर रस्त्यात रडला.

मला माझी लाज वाटली. जे सापडत नाही ते लपवलेलंच असतं, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो होतो. त्यानंतर कुणाच्याही झडतीत रिकाम्या हातानं परतलो, तर कोठडीची किल्ली मागण्याआधी ती वस्तू कुठं असेल, हे मी त्या घरातल्या बाईला विचारत असे.