तिनं गोळी वापस केली

धंतोलीत सांधेवाताच्या डॉक्टरकडे एक बाई मले एकदाच भेटली. नाव मी विचारलं नाही. मांडीवर तीन-चार महिन्याचं लेकरू होतं. तिचे बोटं सुजले होते, म्हणून ती लेकराले दोन्ही कोपरांच्या मधात धरून पाजत होती.

माहे बोटंबी तसेच. मले हप्त्यातून एक गोळी हाये, तिनं आराम पडते. आमच्या मोहल्ल्यात एकीले जे लागू पडलं ते आम्ही दुसरीले देतो. मी पिशवीतून पाकीट काढलं. म्हटलं, "घे वं, एक खाऊन पाह्य."

तिनं पाकिटावरचं नाव वाचलं अन् मनगटानं ते माह्याकडे सरकवलं. "आजी, हे तं डॉक्टरनं पोट राहाच्या आंधीच बंद केली. आंगावर पाजतानाबी चालत नाही. पाजताना चालते ते मले दुसरी देल्ली."

"मंग हात काहून सुजले?"

"सासू म्हणे, सगळ्याच गोळ्या दुधात उतरते. मी ऐकलं अन् तेबी सोडली. डॉक्टरले विचारलं नाही, हेच चुकलं. आता त्याच्या शिव्या खायले आली."

ती हासली. मी नाही हासली. माह्या दुसऱ्या खेपेले, लेकरू पोटात असताना, शेजारणीनं कंबरीसाठी गोळ्या देल्ल्या होत्या. कायच्या, ते मी विचारलं नाही.

तिचा नंबर आला. मी लेकरू उचलून तिच्यासंग आत चालली.

"आजी, तुमाले लेकरं किती?"

"चार झाले, तीन हायेत," मी म्हटलं. एक कायनं गेलं, ते मले आजबी माहीत नाही.