तीन काजं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला शाळेत हजेरी घेत होते. नांदेडच्या घरी, शिलाई मशीनवर बसल्या बसल्या हृदयविकाराचा झटका आला. महिना झाला. रडून घेतलं. पण तिचा विषय निघाला की मला आधी ते ऑपरेशनच आठवतं आणि मी उत्साहानं सांगत सुटते... काय करणार, बाईच तशी होती.

चार वर्षांपूर्वी माझी ही थोरली बहीण खोकला जाईना म्हणून छातीचा फोटो काढायला गेली आणि आत गाठ निघाली. लिंबाएवढी. कॅन्सरची नव्हती, पण हाताकडे जाणाऱ्या नसेवर वाढलेली. उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. दर चौदा एप्रिलच्या जयंतीला अख्ख्या वस्तीचे पांढरे सदरे, कुर्ते तीच शिवायची. तिच्या हातच्या काजांना तर तोड नव्हती. हात गेला तर अक्काचं उरणार काय, या विचारानं माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. मी तिला माझ्याकडे लातूरला आणलं. इथले डॉक्टर म्हणाले, बरगड्यांना हात लावायचा नाही, दुर्बिणीतून काढू. अक्का दचकली.

"दुर्बिणीनं? म्हंजे लांबूनच करणार का, साहेब?"

डॉक्टर पोट धरून हसले. मग कागदावर काढून दाखवलं: काखेखाली तीन बारीक छिद्रं, एकातून कॅमेरा, दोनांतून अवजारं. अक्कानं चित्र निरखलं.

"तीन काजं हायेत की. मंग करा."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, बोटं हलवून दाखवा. अक्कानं मला सुई-दोराच काढायला लावला. दोरा हुकला. पुन्हा हुकला. माझा जीव टांगणीला लागलेला... तिसऱ्यांदा ओवला गेला आणि मी, शाळेची बाई, वॉर्डात चक्क टाळ्या पिटल्या. संध्याकाळी डॉक्टरांनी ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवला. नसेला सांभाळत गाठ हळूहळू सुटी होत होती. मला बघवेना. अक्काची पापणी लवली नाही.

"उसवताना मी बी असंच करते. टाका तोडायचा, कापडाला धक्का न्हाई."

परवा नांदेडला तिच्या मशीनचा खण उघडला. माझ्या मापाचा पांढरा कुर्ता, घडी घातलेला. तिन्ही काजं झालेली, बटणं तेवढी राहिलेली. ती मी लावली. मधलं जरा वाकडं बसलंय. यंदा जयंतीला तसाच घालून जाणार आहे. उसव म्हणून सांगायला आता कोण आहे?