चाचांच्या वाट्याची बाग

माझ्या चाचांबद्दल मी आयुष्यभर बोलत आलो आहे. गावच्या शाळेनं माझा सत्कार केला तेव्हा बोललो, मुलीच्या लग्नात बोललो, चाचा गेले त्या दिवशी मशिदीच्या ओट्यावर बसून कितीतरी वेळ बोललो. लोक म्हणतात, माणूस शिकला पण विसरला नाही. त्या सगळ्या बोलण्यात ही एक गोष्ट कधीच आली नाही. बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो आहे — का, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित तुम्ही चाचांना ओळखत नव्हता, म्हणूनच.

चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं आमचं गाव. वडील गेले तेव्हा मी मराठी तिसरीत होतो. चाचा आधी बोटीवर भांडी घासायचे, मग कुवेतला गेले आणि अहमदीला, तेल कंपनीच्या वसाहतीत, एका साहेबाच्या घरी स्वयंपाकी झाले. त्यांच्या पगारावर मी शिकलो. आमच्या मोहल्ल्यातला पहिला बी. ए. मी. पुढं त्यांनीच साहेबापुढं हात जोडून मला कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून लावलं. म्हणजे माझ्या अंगावरचा सदरा कुणाचा, असं विचारलंत तर उत्तर एकच होतं.

साहेब आणि मेमसाब आयर्लंडचे. कुवेत स्वतंत्र होण्याआधीची दोन-तीन वर्षं असतील. मेमसाबांना बागेचं वेड. त्या वाळूत त्यांनी बंगल्यामागं चार वाफे केले होते आणि वाटाण्याच्या वेलासारखा एक फुलांचा वेल — स्वीट पी — दर हिवाळ्याला लावायच्या. चाचांना बागेतलं काही कळत नव्हतं. ते तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बालदीत साठवायचे आणि संध्याकाळी नेऊन ओतायचे, एवढंच. पण मेमसाब तिथं खुर्ची टाकून बसायच्या आणि आपल्या गावाकडच्या बागांविषयी बोलत राहायच्या. चाचांना त्यातलं निम्मंही समजत नसे. स्वयंपाकघर चालेल इतपतच त्यांचं इंग्रजी. तरी ते बालदी घेऊन उभे राहून ऐकायचे.

एकदा मेमसाबांनी जुनं कॅलेंडर टाकून दिलं. त्यातलं एक चित्र चाचांनी कापून आपल्या खाटेवर, भिंतीला चिकटवलं. दगडी भिंत, तिच्यावर गुलाब चढलेले, खाली गवत. क्वार्टरमध्ये आमच्याच खोलीत राहणारा दाऊद, श्रीवर्धनचा वेल्डर, त्यांना छेडायचा, "चाचा, हितं कोण दुसरी बायको केलीत काय तुमी?" चाचा म्हणायचे, "तू गप. आपल्याकडं दिवाळी झाली की गवत पिवळं. हितं बारा म्हैने असं असतं म्हणे. एकदा बगायचं हाय, खरं का खोटं."

एकदा बघायचं आहे. हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मला माहीत नव्हतं असं वाटायला जागा राहणार नाही.

साहेब नोकरी संपवून कायमचे परत जायला निघाले. एका शुक्रवारी दुपारी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. चाचांना, आणि दुभाष्या म्हणून मला. चाचा धुतलेला पायजमा घालून दिवाणखान्याच्या दारात उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मेमसाब माझ्याकडं बघून बोलल्या, पण बोलणं चाचांशी होतं. इतकी वर्षं यानं आम्हाला वाढलं, त्या म्हणाल्या, आता एक उन्हाळा आम्हाला याला वाढू दे. जाण्यायेण्याचं आम्ही बघू. आमच्या घरी राहील, आम्ही त्याला गावोगाव फिरवू, मोठ्या बागा दाखवू, हॉटेलात नेऊन दुसऱ्याच्या हातचं खायला घालू. हे त्याला सांग.

मी सांगितलं नाही.

किती साधं होतं! दोन वाक्यं मराठीत म्हणायची होती. मी चाचांकडं वळलो आणि म्हणालो, "मेमसाब बोलतायत, तुमी लई चांगलं काम केलंत. त्यांना तुमची आठवण राहील."

चाचांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "ती गार्डन गार्डन काय बोलली?"

हा शब्द त्यांना येत होता. माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी म्हणालो — आणि अडखळलोही नाही — "इथल्या बागेचं आता कोण करणार, अशी काळजी करतायत."

"मी करीन, बोल तिला," चाचा म्हणाले. "आणि माज्या हातून काय चुकलंमाकलं असंल तर माफ करा, म्हणावं."

मी मेमसाबांना इंग्रजीत सांगितलं की ते तुमचे फार आभारी आहेत, पण वय झालं, समुद्रापलीकडं परक्या मुलखात जायची त्यांना भीती वाटते. आणि मग — हे मी आधी ठरवलं होतं की बोलता बोलता सुचलं, तेवढं अजूनही माझं मला नक्की नाही — मी म्हणालो, ते म्हणतात की तुमची इच्छा असेल तर माझ्या जागी माझ्या पुतण्याला न्या.

मेमसाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठून दारापाशी गेल्या आणि त्यांनी चाचांचा हात दोन्ही हातांत धरला. चाचाही रडले. दोघं एकमेकांकडं बघून रडत होते आणि मधे मी उभा होतो. दोघांनाही काय वाटत होतं ते त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं.

का केलं? मला काय कमी होतं? शाळेत असताना इंग्रजी पुस्तकातली हिरवी चित्रं मीही पाहिली होती, हे खरं. पण तेवढंच नाही. खरं असं की चाचा बंडी घालून परदेशी हॉटेलात टेबलाशी बसलेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि ते मला पटेना. ती खुर्ची शिकलेल्या माणसाची, असं मला वाटलं. मला शिकवलं कोणी, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही.

साहेब गेल्यावर चाचा कंपनीच्या मेसमध्ये रांधायला लागले, आणि जूनमध्ये रजा घेऊन मी गेलो. चाचांना सांगितलं, साहेबांनी ऑफिसचं काम शिकायला बोलावलंय. त्यांनी खोलीखोलीत खजूर वाटले. दाऊदला म्हणाले, "बग, आमचा पोरगा इलायतेला चाललाय. तू बस हितं लोखंड जाळत."

आयर्लंड चित्रातल्यासारखंच होतं. पाऊस भुरभुरत राहायचा आणि पुन्हा ऊन पडायचं. गवत इतकं ओलं आणि दाट की बूट आत रुतायचे. एका जुन्या घराभोवती उंच दगडी भिंतीची बाग होती. सफरचंदाच्या झाडांच्या फांद्या भिंतीला बांधून, हात पसरल्यासारख्या वाढवलेल्या. मेमसाब मला एका कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, तो आला असता तर इथं उभा राहिला असता, नाही? मी हो म्हणालो. पुढच्या बागेतही त्या तेच म्हणाल्या. त्याच्या पुढच्याही.

दुपारी आम्ही गावातल्या हॉटेलांत जेवायचो. पांढरी कापडं अंथरलेली टेबलं, खिडकीतून नदी. मी मेनू वाचायला घ्यायचो त्याआधीच मेमसाब वाढणाऱ्या मुलीला समजावून सांगायच्या — याला मांस नको, याच्या लोकांत जनावर कापायची वेगळी रीत आहे, याला नदीचा मासा दे, आणि तो डुकराच्या चरबीत तळू नकोस. हे सगळं त्यांना चाचांनी शिकवलं होतं, मोडक्या शब्दांत, स्वयंपाकघरात उभं राहून. माझ्यापुढं ताट यायचं. बटाटे, मासा, वर लोणी. मी जेवायचो. चवीनं जेवायचो, हेही सांगायला हवं.

निघताना मेमसाबांनी स्वीट पीच्या बियांची पुडी दिली. त्याला दे, म्हणाल्या, आणि सांग की त्याची खुर्ची इथं रिकामी आहे.

मी परतलो तेव्हा कुवेतमध्ये ऑगस्टची आग पडली होती. चाचा मला ओळखू येईनात, इतके वाळले, काळवंडले होते. दाऊदनं सांगितलं, "तुज्या चाचाचं डोकं फिरलंय. मेसमधली ड्यूटी सुटली की बालदी घेऊन त्या बंद बंगल्यावर जातात. वाचमन हसतो त्यांना. उनात एकदा पडलेपण." चाचा म्हणाले, "मी बोललेलो ना तिला, मी करीन म्हणून?"

मी आयर्लंडमध्ये बागा बघत होतो तेव्हा ते माझ्या खोट्याला पाणी घालत होते. पुढं दोन महिन्यांत नवा साहेब आला आणि त्यानं मोटार उभी करायला तिथं सिमेंट ओतून घेतलं.

तेव्हा सांगता आलं असतं. परतलो त्याच दिवशी मी ट्रंक उघडत होतो आणि चाचा खाटेवर बसून होते. त्यांनी हळूच विचारलं, "मेमसाबनं माजं काय विचारलं का रे?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — काय विचारलं? म्हणून मी म्हणालो, "नाही. म्हणजे, गडबडीत होत्या."

मी पुडी काढून दिली आणि म्हणालो, मी तुमच्यासाठी विकत घेतली. त्यांनी ती हातात फिरवून बघितली. "तुला तरी माजी आठवण झाली," म्हणाले. तुपाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी त्या बिया लावल्या. हिवाळ्यात फुलंही आली. ते चित्र मात्र मी परतल्यावर थोड्याच दिवसांत भिंतीवरून गेलं होतं. कुठं गेलं, मी विचारलं नाही.

काही वर्षांनी चाचा हजला निघाले. कुवेतहून आमची माणसं बसनं, वाळवंटातून जायची. जाण्याआधी सगळ्यांची माफी मागायची आमच्यात रीत आहे. कुणाचं मन दुखवलं असेल, कुणाचं काही राहिलं असेल, तर ते इथंच मिटवून जायचं. चाचा क्वार्टरमधल्या प्रत्येक खोलीत गेले. दाऊद म्हणाला, "माज्या डब्यातलं सुरमईचं डोकं तुमी खाल्लंत ते मला ठाऊक हाय. जावा, माफ." सगळे हसले. चाचाही हसले.

माझ्याकडं ते शेवटी आले. मी उठून उभा राहिलो. त्यांनी माझा हात धरला आणि आवाज खाली आणला. "तू इलायतेला गेलास तवा," ते म्हणाले, "मी खजूर वाटले, पण मनात जळलो. इतकी वर्सं मी रांधलं, आणि पावणा हा, असं मनात आलं. पोटच्या पोरासारका तू, आणि मी तुज्यावर जळलो. तेवडं माफ कर मला."

खोलीत माणसं होती, हे खरं आहे. बाहेर बस उभी होती, हेही खरं. पण त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "माफ केलं, चाचा."

त्यांनी माझ्या हाताचं चुंबन घेतलं.

ते सुखरूप परत आले. मग गावी गेले, बरीच वर्षं जगले. मी दर सुट्टीला त्यांच्यापाशी बसायचो, दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना. एकदा त्यांनी विचारलं होतं, "ती दगडाची भिंत, गुलाबाची. खरंच असती काय रे तशी?"

"असते, चाचा. तशीच असते."

"तू बगितलीस, झालं तर मग," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.